मी प्यायलो नव्हतो, दादा

फतेगंज, बडोदे
९ डिसेंबर २०२४

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार लिहीत नाही. एक तर डॉक्टरांनी अजून वाकायला बंदी केली आहे, आणि दुसरं म्हणजे मनात नाही.

फतेगंजहून मांडवीला पत्र पाठवतोय म्हटल्यावर पोस्टातला माणूसही हसला. रिक्षाने पंधरा मिनिटांचं अंतर. पण फोन केला की तुम्ही हेडमास्तर होता. रिटायर होऊन एवढी वर्षं झाली तरी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही, आणि शेवटी फोन वहिनींच्या हातात देऊन देवघरात जाता. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून पत्र.

आमच्या रसिकाच्या साखरपुड्याच्या दिवशी मी प्यायलो नव्हतो. गेल्या नऊ वर्षांत मी थेंबाला शिवलेलो नाही. त्या दिवशी माझी साखर उतरली होती. सत्तरच्या खाली गेली की धोका समजतात, माझी चौतीस होती. आणि तुम्ही मला हॉलमागच्या गाद्या-सतरंज्यांच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातलीत.

मला त्या दुपारचं अर्धंच आठवतं. सकाळी चहाबरोबर मी मधुमेहाची गोळी घेतली होती. ती घेतल्यावर पोटात अन्न जावंच लागतं. गोळी आपलं काम करत राहते, माणूस जेवला की नाही याची ती चौकशी करत नाही. मी ताटलीत दोन घास घ्यायला गेलो तर तुम्ही मनगट धरलंत. "दिना, मुलीचा बाप आहेस. व्याह्यांची पंगत उठेपर्यंत अन्नाला हात लावायचा नाही, ही आपल्या घराण्याची रीत आहे." मी म्हटलं, दादा, गोळी घेतलीय. तुम्ही म्हणालात, "एक दिवस उशिरा जेवलास तर मरत नाहीस."

मेलोच होतो, दादा.

उदयसिंहरावांकडचे पाहुणे सावकाश आले, सावकाश जेवले. मुलाकडची मंडळी, त्यांना कोण घाई करणार? मला घाम सुटला. शर्ट पाठीला चिकटला. माणसं दिसत होती, पण कोण कुठलं ते लागेना. जीभ जड झाली. मी म्हणे उदयसिंहरावांच्या पानातली जिलेबी उचलायला हात घातला. ते मला आठवत नाही. तुम्ही मला ओढलंत आणि मी तुम्हाला ढकललं, तेही आठवत नाही. "परत सुरू केलंस?" एवढे तुमचे शब्द मात्र लख्ख ऐकू आले. उत्तर द्यायला तोंड हलेना.

पुढचं निरुपमाने सांगितलं. तुम्ही सगळ्यांना म्हणालात, त्याला जरा झोपू द्या. फोटोसाठी बाप हवा म्हणून रसिका मला शोधत फिरली. तुम्ही तिलाही परत पाठवत होतात. पोरीने ऐकलं नाही, कडी काढून आत आली, तर बाप सतरंजीवर घामाने निथळत पडलेला, डोळे उघडे, ओळख नाही. एकशेआठला फोन तिने केला. हॉस्पिटलात माझ्या हृदयाचे ठोके इतके बेताल झाले की छातीवर विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणावे लागले. नव्या साड्या नेसलेल्या माझ्या बायकोने आणि मुलीने ते दाराच्या काचेतून पाहिलं.

तुम्ही हॉस्पिटलात एकदाही आला नाहीत. वर सगळ्या भाऊबंदांत पसरलंय, दिनाने मुलीच्या साखरपुड्यात तमाशा केला. आता मला एकच हवंय. ज्यांच्यासमोर तुम्ही मला दारुड्या ठरवलंत, त्यांच्यासमोर तुमच्या तोंडाने खरं काय ते सांगा. बाकी काही नको.

दीनानाथ


फतेगंज
२४ डिसेंबर २०२४

दादा,

तुमचं उत्तर मिळालं. अक्षर अजून तसंच सुरेख आहे. आत मात्र चोराच्या उलट्या बोंबा.

तुम्ही लिहिता, "मी तुझी लाज राखली. उदयसिंहरावांचे मेव्हणे पोलीस खात्यातले, समोरच्या पंगतीत बसलेले. गुजरातेत दारूबंदी आहे हे तुला शिकवायला नको. प्यायलेला भाऊ फौजदारापुढे झोकांड्या खात उभा करायचा होता का?"

म्हणजे पोलिसाच्या धाकाने कोंडलंत. ठीक. पण दादा, तोंडाला वास होता का? तुम्ही मला खांद्याला धरून नेलंत. माझं तोंड तुमच्या नाकाजवळ होतं. एकदा हुंगून बघायचं होतं. बाबांच्या वर्षश्राद्धाला मी दमणहून पिऊन आलो होतो, ते मी कधी नाकारलेलं नाही. त्याची शिक्षा मी भोगली, तेव्हाच कानाला खडा लावला. पण तुमच्या डोक्यात मी त्या दिवसापासून आहे तिथेच उभा आहे. मी अडखळलो की दारू. मी हसलो की दारू. मी गप्प बसलो तरी तुम्ही वहिनींकडे बघता.

पुढे तुम्ही विचारता, "साखर उतरली तर फार तर चक्कर येईल. हृदयाचा त्यात काय संबंध? उगाच गोष्टी जोडू नकोस." बरं झालं विचारलंत. मलाही माहीत नव्हतं. सतरा वर्षं मी वाढलेल्या साखरेला भीत आलो, कमी आली की पेढे वाटावेत इतका आनंद व्हायचा. हृदयाच्या डॉक्टर पारेखबाई माझ्या पलंगाशी बसून म्हणाल्या, "काका, ऊंची शुगर धीमे धीमे मारे. नीची शुगर तो एक कलाकमां पूरुं करी नाखे." तासाभरात खलास, असं सरळ तोंडावर सांगितलं.

त्यांनी समजावलं ते असं. साखर फार खाली गेली की शरीर घाबरतं. कुणी सुरी घेऊन अंगावर आल्यावर जे होतं तेच तेव्हा होतं, हृदय धावत सुटतं, रक्तदाब चढतो. त्याच वेळी रक्तातलं पोटॅशियम उतरतं. हृदयाचा ठोका एका बारीकशा विजेवर चालतो, तिची घडी विस्कटते. एक ठोका पडून गेल्यावर पुढच्यासाठी सज्ज व्हायला हृदयाला जास्त वेळ लागतो, आणि त्या मधल्या वेळात भलताच ठोका पडला की सगळाच ताल जातो. तरुण, धडधाकट माणूस यातून निभावतो. माझ्यासारखा जुना मधुमेही, ज्याच्या हृदयाच्या नळ्या आधीच अरुंद झाल्यात, त्याला झटका येऊ शकतो, झोपेत जाऊही शकतो. अशी एकदा खोल उतरली की पुढचे कित्येक महिने हृदयाला जपावं लागतं. माझी ती गोळी आता बंद केलीय, तिच्याऐवजी इन्शुलिन सुरू झालंय. आणि वरून सांगितलंय, साखर फार खाली ठेवायच्या नादी लागू नका.

आमच्या नंदेसरीच्या कारखान्यात टाकी भरून वाहायला लागली तर भोंगा वाजतो, आणि टाकी रिकामी होत आली तरी वाजतो, कारण पंप कोरडा चालला तर जळतो. नवीन लागलेल्या माणसालाही आम्ही हे पहिल्या दिवशी सांगतो. तुम्ही भोंगा ऐकलात आणि दार लावून घेतलंत.

माफी मागा असं मी म्हटलेलं नाही. खरं सांगा म्हटलंय. तेवढंही जड जातंय का?

दीनानाथ


फतेगंज
१७ जानेवारी २०२५

दादा,

उत्तरायण झालं. तुमच्या गच्चीवर दरवर्षीप्रमाणे सगळे जमले, उंधियू झाला, रसिकाला तुम्ही आवर्जून बोलावलंत. मला आणि निरुपमाला नाही. रसिका गेली नाही. "बाबांना सोडून मी कशी जाऊ," असं तिने वहिनींना सांगितलं आणि इथे आमच्याशी दिवसभर बोलली नाही. सणाच्या दिवशी घरात तीन माणसं आणि तीन कोपरे.

तुम्ही निरोप पाठवलात की साखर जर अशी आधीही उतरत होती, तर दिनाने घरच्यांना का सांगितलं नाही? लपवणाऱ्याचं काय खरं मानायचं?

का नाही सांगितलं ते ऐका. गणपतीत, तुमच्याच घरी, आरतीचं तबक माझ्या हातात होतं. हात थरथरायला लागला, ज्योत हलायला लागली. सगळ्यांसमोर तुम्ही तबक काढून घेतलंत आणि म्हणालात, "दे इकडे. शुद्धीवर असलेल्या माणसाचं काम आहे." लोक हसले. मी बाहेर गल्लीत जाऊन प्रसादाचा मोदक घाईघाईने खाल्ला, भिंतीला टेकलो, बरं वाटल्यावर परत आलो. तेव्हाही साखरच उतरली होती. मी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, नवीन सबब.

म्हणून लपवलं. कारखान्यात खिशात बिस्किटं ठेवायचो. घरात जीभ अडखळायला लागली की न्हाणीघरात जाऊन दार लावायचो, कारण निरुपमासुद्धा तशा वेळी माझ्याकडे एका विशिष्ट नजरेने बघते. ती बोलत नाही, पण तिची नजर माझ्या ओठांवर जाते. नऊ वर्षं जाते आहे. पारेखबाई म्हणाल्या, पुन्हा पुन्हा उतरत राहिली की शरीर आधी इशारा द्यायचंही सोडून देतं, एकदम खाली पाडतं. त्यांनी विचारलं, काका, घरवाळाने केम न कह्युं? घरच्यांना का नाही सांगितलंत? मी काय सांगणार? की आमच्या घरी माणूस आजारी पडण्याआधी दारुडा ठरतो?

आता दुसरं. वहिनींनी परवा निरुपमाला कळवलं की लग्नात कन्यादानाला तुम्ही आणि वहिनी बसणार. कारण काय, तर कन्यादान उपाशीपोटी करायचं असतं, डॉक्टरांनी दिनाला उपाशी राहायला मनाई केलीय, पोटात अन्न घेऊन कन्यादान होत नाही. वा! मला उपाशी ठेवून मरणाच्या दारात नेलंत, आणि आता मी उपाशी राहू शकत नाही म्हणून मुलीचा बाप म्हणूनही बाद. दोन्हीकडून तुमचीच रीत, आणि दोन्हीकडून मीच नालायक.

ती माझी मुलगी आहे. एकुलती एक. तिच्या जन्माच्या वेळी मी रात्रपाळी सोडून नंदेसरीहून सायकलवर आलो होतो. कन्यादान मी करणार.

दीनानाथ


फतेगंज
४ फेब्रुवारी २०२५

दादा,

रविवारी उदयसिंहराव आमच्याकडे आले होते. एकटेच. जावई समरजितलाही बरोबर आणलं नव्हतं. चहा घेतला नाही. सोफ्याच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "दीनानाथराव, आमच्या कानावर काय काय येतंय. आम्ही स्पष्ट बोलतो. लग्न मोडायचा आमचा विचार नाही, पोरं एकमेकांना आवडलीत. पण मांडवात आमची चार माणसं असतील. कन्यादानाला तुमचे दादा, गोविंदराव, बसले तर सगळ्यांचीच सोय होईल."

मी हॉस्पिटलचे कागद काढले. त्यांनी हात पुढे केला नाही. म्हणाले, "कागद काय, आजकाल कसेही मिळतात. तुमचे दादा जुने शिक्षक. ते सांगतील ते आम्हाला प्रमाण."

ऐकलंत ना? सगळं तुमच्या एका शब्दावर येऊन थांबलंय. तुम्ही म्हणालात की दिना प्यायला नव्हता, तर मी मुलीचा बाप. नाही म्हणालात, तर मी मांडवाच्या खांबाशी हात बांधून उभा राहणार, आणि माझ्या मुलीचा हात दुसरा कोणी समरजितच्या हातात देणार. रसिका आत पडद्याआड उभी होती. उदयसिंहराव गेल्यावर बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही बसणार नसाल तर मीही बसणार नाही." निरुपमाने तिला गप्प केलं. मग दोघी रडल्या. दादा, हे पाप कुणाच्या माथी जाणार ते तुम्हीच ठरवा.

आणि आज काय कळावं? मी पारेखबाईंकडे तपासणीला गेलो, तर म्हणाल्या, "तमारा मोटाभाई आव्या हता." तुमचे थोरले भाऊ येऊन गेले. माझ्या पाठीमागे माझ्या डॉक्टरकडे जाता? मी जिवंत आहे, मला विचारता येत नव्हतं? तुम्ही त्यांना विचारलंत म्हणे, "बेन, साचुं कहो, दारू नहोती ने?" बाई म्हणाल्या, दारूचा अंशही नव्हता. मग तुम्ही बराच वेळ तिथेच बसून राहिलात, पुढचे पेशंट खोळंबले तरी. म्हणजे माझ्या बोलण्यावर नाही, बायकोच्या बोलण्यावर नाही, कागदावर नाही. परक्या बाईने सांगितलं तेव्हा कुठे खरं वाटलं. का तेव्हाही नाही वाटलं?

मी पण तुमचाच भाऊ आहे, माझंही ऐका. लग्नाच्या सकाळी मी पोहे खाणार. स्वयंपाकघरात लपून नाही, चार पाहुण्यांच्या देखत, लिंबू पिळून खाणार. इन्शुलिन पारेखबाईंनी सांगितलंय तेवढंच घेणार. आणि मग कन्यादानाला बसणार. अडवायचं असेल तर मांडवात येऊन अडवा. यापुढे मी पत्र लिहिणार नाही.

दीनानाथ


फतेगंज
२० फेब्रुवारी २०२५

ती. दादा,

लिहिणार नव्हतो, पण लिहावं लागतंय. राग अजून आहे, आणि तो नीट जागच्या जागी ठेवल्याशिवाय मला झोप येणार नाही.

मी सांगितल्याप्रमाणे पोहे खाऊन आलो होतो. तुम्ही पहिल्या रांगेत फेटा बांधून बसला होतात. माझ्याकडे बघितलं नाहीत. भटजींनी विचारलं, कन्यादानाला कोण बसणार? उदयसिंहरावांनी तुमच्याकडे बघितलं. सगळ्या मांडवाने तुमच्याकडे बघितलं. मी पाटावर बसलेलोच होतो, उठणार नव्हतो, पण माझे कान तुमच्या तोंडाकडे लागले होते. तुम्ही म्हणालात, "बाप आहे की समोर. बाप बसेल." बस, एवढंच. खालच्या आवाजात, जणू हजेरी घेताय.

तेवढ्याने भागेल असं तुम्हाला वाटलं असेल. मला नाही वाटलं. दारूबद्दल अवाक्षर नाही. मी पाटावर बसून मनात तुम्हाला शिव्या देत होतो, भटजी मंत्र म्हणत होते. मग रसिकाचा हात माझ्या हातात आला. मेंदीचा, थंडगार. वर निरुपमा पाण्याची धार धरायला लागली. माझा हात कापायला लागला. डोळ्यांपुढे धुकं आलं, गळा बंद झाला, कपाळाला घाम. भटजी म्हणाले, म्हणा, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

आणि तुम्ही उठलात. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघ्यांनी अधू, बोहल्यावर एका ढांगेत चढलात. "थांबवा! भटजी, थांबवा ते!" भटजी म्हणाले, "अहो, विधी मध्येच कसा थांबवू?" तुम्ही ओरडलात, "विधी गेला खड्ड्यात. माझ्या भावाची साखर उतरलीय!" झब्ब्याच्या खिशातून ग्लुकोजची पुडी काढलीत, दातांनी फाडलीत आणि सगळीच्या सगळी माझ्या तोंडात ओतलीत. अर्धी माझ्या शेल्यावर सांडली. आणि मग मांडवाकडे वळून, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं तसं म्हणालात, "मागच्या वेळी मी ओळखलं नाही. प्यायला म्हणून कोंडून घातलं त्याला. तो प्यायला नव्हता. चूक माझी होती. आता एकजण जरी काही बोलला तरी मला येऊन सांगा." उदयसिंहरावांनी मान खाली घातली. त्यांच्या पोलीस मेव्हण्यांनी स्वतः उठून पाण्याचा ग्लास आणला.

त्यानंतर सगळं सुरळीत पार पडलं, हे तुम्ही पाहिलंत. पण निरुपमाने तेव्हाच माझ्या बोटाला सुई टोचून साखर बघितली होती. तुम्ही गर्दीत होतात, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. एकशे अठ्ठ्याहत्तर होती.

माझी साखर उतरली नव्हती, दादा. मी रडत होतो. पोरगी चालली होती माझी. सत्तावन्न वर्षं माझे मोठे भाऊ आहात, आणि तुम्हाला भाऊ प्यायलाय, आजारी आहे का रडतोय, एवढंही अजून ओळखता येत नाही.

तुमच्या त्या पुडीने, आणि वर व्याह्यांनी आग्रहाने वाढलेल्या जिलेबीने, संध्याकाळपर्यंत साखर तीनशेच्या वर गेली. निरुपमा तुमच्यावर भयंकर चिडली आहे. मी नाही.

दिना